वाटणी न होणारं घर

इंग्रज गेले याचं आमच्या धाकट्या मामंजींना काडीचंही दुःख नव्हतं. इतकी वर्षं राहून ते इथं एकही धड घर बांधून गेले नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती. पूल बांधले, कचेऱ्या बांधल्या, तुरुंग तर फारच मन लावून बांधले. पण आपल्या मुलखात ते स्वतः ज्या घरांत राहतात तसलं एक घर काही त्यांनी सातारा-सांगलीकडे ठेवलं नाही, हा त्यांचा आपमतलबीपणा मामंजींना शेवटपर्यंत खुपत राहिला. "चांगली वस्तू घरात ठिवली आन् हितं समदी रद्दी वतली," असं ते म्हणायचे. मग ही उणीव आपणच भरून काढायची असं त्यांनी ठरवलं आणि आष्ट्याजवळच्या मळ्यात, चारी बाजूंना ऊस आणि मधे विहीर अशा जागी, विलायतेतल्या उमरावाचं घर बांधलं.

मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सफरमैना पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे आणि वेळ आली तर तेच उडवून देणारे. आमच्याकडे चुलतसासऱ्यासमोर सुनेनं पदर सावरून दाराआड उभं राहायची पद्धत. लग्न होऊन आल्यावर मीही तशीच उभी होते, तर मामंजींनी खिशातून मोजायची टेप काढली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्ये धरा आन् त्या कोपऱ्यात उभ्या ऱ्हावा." मी सांगलीत मुलींच्या शाळेत गणित शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून आमचं नातं टेपच्या दोन टोकांचं राहिलं. डोक्यावरचा पदर घसरला तर चालायचं, टेपला झोळ आलेला चालायचा नाही. टेप कायम त्यांच्याजवळ असे. लग्नाला गेले तर मांडव मोजत, दवाखान्यात भेटायला गेले तर रोग्याची खाट मोजत. माझ्या नणंदेला बघायला एक मुलगा आला, शिकलेला, नाकीडोळी नीटस. त्याला मामंजींनी एकच प्रश्न विचारला, की तुमच्या सोप्याची रुंदी किती. मुलाला सांगता येईना. "सोताच्या घराची रुंदी ठावं न्हाई, ह्यो बायकू काय सांभाळनार," म्हणून त्यांनी ते स्थळ मोडलं. पुढे तो मुलगा मोठा कंत्राटदार झाला. ते त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "मंग त्येनं बांधलेल्या पुलावरनं जाऊ नगासा."

घराचं वेड लढाईतलं. वाळवंटात ते शत्रूच्या हाती लागले, इटलीत आणि जर्मनीत कैदेत राहिले, आणि लढाई संपल्यावर सुटलेल्या आपल्याकडच्या शिपायांना बोट मिळेपर्यंत विलायतेत ठेवलं तेव्हा त्यांचे तंबू एका मोठ्या घराच्या आवारात पडले. बाकीचे शिपाई सिनेमा बघायला जात, मामंजी घर बघत. वाळवंटाबद्दल, कैदेबद्दल, तिथल्या उपासमारीबद्दल त्यांनी आम्हाला कधी धड सांगितलं नाही. विचारलं तर "हुतं आपलं" एवढंच. पण घराचा विषय काढायची खोटी, की म्हशीची धार राहायची आणि पाहुण्याची एस. टी. जायची. लाल विटांचं घर. मधोमध दगडी खांब, खांबांच्या डोक्यावर मोठा त्रिकोण, आणि तिथून दोन्हीकडे सारखे पसरलेले दोन पंख. डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. खिडक्या बाहेर ढकलायच्या नाहीत, वर सरकवायच्या. धुरांडी इतकी की मोजता मोजता मान दुखावी. मालकाचा जिना वेगळा आणि नोकरांचा वेगळा, तो भिंतीच्या पोटात लपवलेला, म्हणजे नोकर दिसायचा नाही आणि चहा तेवढा दिसायचा. "आन् त्या घराला घर न्हाई म्हनत. हॉल म्हनत्यात. अख्ख्या घराला," ते सांगत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या धाकट्या आत्याबाईंना हे सगळं पाठ होतं. त्या भाकरी थापता थापता विचारत, "मंग मधल्या सोप्याला काय म्हनत्यात?"

"त्येलाबी हॉल."

"आवं, एवढं मोठ्ठं राज्य त्येंचं, दुसरा शबूद परवडत न्हवता व्हय?"

मामंजींना घर नुसतं दिसायला हवं होतं असं मात्र नाही. त्यामागे एक विचार होता, आणि तो त्यांच्या पंचकीतून आला होता. आष्ट्याच्या आसपास कुठे भाऊ वेगळे निघायचे झाले, की टेपमुळे आणि कुणाचा चहा घेऊन कुणाची बाजू न घेण्याच्या ख्यातीमुळे मामंजींना पंच म्हणून बोलावणं यायचं. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे थोरला पाडतानाच काटेकोर राहतो. मामंजी मोजत, जमिनीवर फक्कीची रेघ ओढत आणि घरी येऊन न जेवता झोपत. त्यांनी चुली दुभंगलेल्या पाहिल्या होत्या. एका घरात तर भिंत खिडकीच्या मधोमध गेली आणि दोन भाऊ एकाच खिडकीच्या अर्ध्या अर्ध्या उजेडात जेवायला लागले. "आपली घरं फुटाय म्हनूनच बांधल्याली असत्यात," ते मला म्हणाले. "पोरगं झालं की खोली चिकटवायची, सून आली की खोली चिकटवायची. चिकटवल्यालं निघनारच. सायबाचं घर बघा. त्येला एक दार, एक मोठा जिना, एक सैपाकघर, मधी एक हॉल. त्येचं काय वाटतुया कोन? माझ्या पोरांना मी वाटणी न होनारं घर देनार." दोन मुलगे होते त्यांना. थोरला ऊस बघायचा, धाकटा साखर कारखान्यात नोकरीला. आपल्यामागं ही दोघं एका छपराखाली राहावीत, यासाठी त्यांनी आयुष्याची कमाई विटांत घालायला काढली.

गवंडी म्हणून त्यांनी आष्ट्याच्या इमामभाईंना गाठलं. इमामभाईंच्या घराण्यानं मशिदी बांधल्या होत्या, देवळांची शिखरं बांधली होती, साखर कारखान्याच्या चाळी बांधल्या होत्या. त्यांना फक्त उमरावाचं घर बांधायचं राहिलं होतं. मामंजींनी धुळीत काठीनं सगळं घर काढून दाखवलं. इमामभाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "सुभेदार, समदं झ्याक हाय. पर ह्यात मानसं झोपत्यात कुटं?" हे ऐकून मामंजींची खात्री पटली की याला नमुना दाखवल्याशिवाय भागणार नाही, आणि ते त्यांना घेऊन साताऱ्याला गेले. साताऱ्यात साहेबांचे जुने बंगले होते. माझं माहेर तिथलंच आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर होते. एका बंगल्याच्या आवारात मामंजी सरळ घुसले आणि काठीनं खांब वाजवून बघायला लागले. रखवालदार धावत आला. "आवं, कोन तुमी? काय पायजे?" मामंजी म्हणाले, "आमाला काय बी नगं. ह्यो खांब पोकळ हाय, एवढं सायबाला कळीव." रखवालदार म्हणाला, साहेब जाऊन वीसेक वर्षं झाली. "तरीच," मामंजी म्हणाले आणि इमामभाईंकडे वळले. "बघितलंस? ह्ये घर न्हवं. ह्यो पावसाला भ्यालेल्या मानसाचा बंगला हाय. छप्पर बघ, निस्तं कानावर वडून घ्येतलंय." परतताना एस. टी.त इमामभाई माझ्याजवळ हळूच म्हणाले, "बाई, ज्ये बघायचं न्हाई त्ये बघून आलो. आता ज्ये बांधायचं त्ये कुनी बघितलंय?"

तरी घर उभं राहिलं. सिमेंट परमिटशिवाय मिळत नव्हतं, म्हणून मळ्यात चुन्याची घाणी बसवली आणि बैल गोल गोल फिरायला लागला. दगडी खांब झेपेनात, तेव्हा विटांचे गोल खांब करून त्यांवर गिलावा चढवला आणि त्यावर दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा मारल्या. दोन पंख उठले, दोन्हीकडे सारख्या खिडक्या लागल्या. खिडकी वर सरकवली की तिथंच थांबावी म्हणून चौकटीच्या आत दोरीला वजन टांगलेलं असतं, हे मामंजींनी तिकडे स्वतः एक खिडकी दुरुस्त करताना बघितलं होतं. इथं सुताराला ते काही केल्या साधेना. दोरी तुटायची आणि खिडकी अशी खाली यायची, की शेजारच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागत. शेवटी सगळ्या खिडक्यांना लाकडी टेकू दिले आणि मुलाबाळांना खिडकीतून डोकं बाहेर काढायची सक्त मनाई झाली. जेवणाच्या खोलीपर्यंत फोडणीचा वास जाता कामा नये म्हणून स्वयंपाकघर घराच्या पार मागच्या टोकाला. तिथून सुना ताट घेऊन निघायच्या तेव्हा भाकरीची वाफ दिसायची आणि पोचेपर्यंत ती भाकरी कालची वाटायची. वाचनाच्या खोलीत वाचायला काहीच नसल्यामुळे आत्याबाईंनी जोंधळ्याची कणगी ठेवली. मधल्या सोप्यात, म्हणजे हॉलमध्ये, भिंतीतली शेकोटी होती. संक्रांतीला मामंजींनी ती थाटात पेटवली, आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन तिच्याभोवती तिळगूळ खात बसलो. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्यात तवा टाकला. "उगं जळतंय ते जळतंय, त्यावर भाकरी तरी हुंदे," म्हणाल्या. मामंजींनी दोन दिवस अबोला धरला, मग भाकरी गरम लागली तेव्हा सोडला.

घर बघून लोकांची जी गत व्हायची ती वेगळीच. खांब, त्रिकोण आणि पायऱ्या म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. एस. टी.चे कंडक्टर मळ्यापाशी "कचेरी, कचेरी" म्हणून घंटा मारायला लागले. एकदा म्हसवडकडचे दोन भाऊबंद बांधाच्या तंट्याचे कागद घेऊन आले आणि टोप्या काढून पायऱ्यांवर बसून राहिले. दुपारी मामंजी बाहेर आले तेव्हा दोघं उठून उभे राहिले. "सायब कवा यायचं?" मामंजींनी त्यांना जेवायला घातलं, तंटा ऐकून घेतला आणि दोघांनाही चार शब्द सुनावले. संध्याकाळी ते समेट करून, कागद न दाखवताच परत गेले. जाताना एक जण आत्याबाईंना म्हणाला, "लय कचेऱ्या बघितल्या, पर आमटी अशी कुटं न्हाई."

सगळ्यांत गाजला तो चर. विलायतेत म्हणे घरासमोरच्या हिरवळीला कुंपण घालत नाहीत. कडेला खोल चर खणतात, तो घरातून दिसत नाही. लांबची मेंढरं थेट दारापर्यंत आल्यासारखी वाटतात, पण येऊ शकत नाहीत. चर खणला तो बहात्तरच्या दुष्काळात. आटपाडीकडची माणसं पोराबाळांसकट कामाच्या शोधात उसाच्या पट्ट्यात उतरली होती आणि मामंजी त्या वर्षी चर लांबवतच राहिले. इतका लांब चर सायबाकडं होता का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सायबाकडं दुष्काळ न्हवता." पुढे धाकट्या मुलाचे सासरे, म्हणजे व्याही, पहिल्यांदा घर बघायला आले. गृहस्थ जाड, बोलण्यात रंगणारे. दिवेलागणीला दोघं व्याही समोर फिरत होते आणि आम्ही पायऱ्यांवर होतो. "काय ऊस हाय हो तुमचा, आमच्याकडं असा ऊस," एवढं व्याह्यांचं ऐकू आलं आणि व्याही दिसेनासे झाले. आम्ही धावलो. चार गड्यांनी त्यांना वर ओढलं. पागोटं एकीकडे, चिखल दुसरीकडे, आणि मामंजी आनंदानं त्यांचा हात हातात घेऊन विचारत होते, "अजाबात दिसला न्हाई न्हवं? आपटोस्तवर दिसला न्हाई न्हवं?" व्याही भले माणूस. "न्हाई बा," म्हणाले. मामंजी ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगत, पण व्याह्यांची फजिती म्हणून नव्हे, चराचं प्रशस्तिपत्र म्हणून.

घर पुरं झालं त्या दिवशी टेपचं टोक धरून मी त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरले. डावा पंख मोजला, उजवा मोजला. मी म्हटलं, "मामंजी, हे घर कागदासारखं मधोमध दुमडलं तर कोपऱ्यावर कोपरा आणि खिडकीवर खिडकी बसेल." माझ्या डोक्यात भूमिती होती. त्यांनी ती स्तुती समजून मान डोलावली.

काही वर्षं बरी गेली. मग जे कुठल्याही घरात होतं ते तिथंही झालं, त्याला उमरावाचं घर काय करणार? स्वयंपाकघर एक आणि सुना दोन. थोरलीला पहाटे उसाच्या गड्यांच्या भाकऱ्या थापायच्या असत, धाकटीला त्याच वेळी नवऱ्याचा कारखान्याचा डबा. धाकटीचा रेडिओ थोरलीला सोसेना, थोरलीचे पाहुणे धाकटीला. भांडणाला मोठं कारण असतं तर ते मिटवता आलं असतं. कारण नव्हतंच, म्हणून मिटेना. मामंजींचे मुलगे मला म्हणाले, "वैनी, तुमी बोला. तुमचं ऐकत्यात ते." मला आडूनआडून बोलता येत नाही. मी सरळ सांगितलं, "मामंजी, एकत्र राहून त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. वेगळ्या झाल्या तर निदान हळदीकुंकवाला तरी बोलावतील."

"तुमी बरोबर बोलताय, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "म्हनून तर मनाला लागतंय." थोडा वेळ ते टेप उलगडत-गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "बोलवा पंच. वाटायचं म्हनत्यात तर वाटू द्या. बघू, कुटनं रेघ वडत्यात त्ये."

त्यांची भिस्त त्यावरच होती. वाटणी म्हणजे वर्षानुवर्षांची कटकट हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? दार कुणाला, विहिरीची बाजू कुणाला, उजेड कुणाकडे, यावर भाऊ अडून बसतात, पंच कंटाळून निघून जातात आणि कित्येक घरं केवळ या कंटाळ्यावर एकत्र टिकतात. आपलं घर तर वाटताच येणार नाही. पोरं दमतील आणि आपोआप गप बसतील, असा त्यांचा हिशेब होता. पंच आले. भिंत कुठे घालता येईल ते सांगायला इमामभाईही आले. रीतीप्रमाणे थोरल्याला वाटे पाडायला सांगितलं. त्यानं घराकडे बघितलं, डावीकडे एक हात केला, उजवीकडे एक केला आणि वाटे पडले. धाकट्याला म्हणाले, उचल. तो बावचळला. इकडे बघ, तिकडे बघ. "दोनीबी सारखंच हायत की," म्हणाला, आणि आपलं जवळचं म्हणून उजवं उचललं. अजून चहाही आला नव्हता. त्यांतले एक म्हातारे पंच टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "सुभेदार, जलमात अशी वाटणी बघितली न्हाई. तुमी जनू वाटाय म्हनूनच बांधलंय."

खात्री करायची म्हणून इमामभाईंनी दोन्ही पंख टेपनं मोजले आणि म्हणाले, "एका बोटाचा फरक न्हाई, सुभेदार."

"आसंल कसा?" मामंजींची मान ताठ झाली. "दोरी कुनी धरली हुती?" हे बोलले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मग ते खाली बसले. मी त्यांना बसताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं मोजल्याशिवाय बसलेलं पाहिलं नव्हतं.

चुली दोघांनी आपापल्या पंखात घालायच्या ठरल्या. राहिला हॉल. वाटणीची रेघ बरोबर मोठ्या दाराच्या मधून जात होती. पंच म्हणाले, मधोमध भिंत घाला, मोठं दार बुजवा, दोघांना मागून आपापली दारं करा. आणि म्हातारा-म्हातारी सहा महिने ह्याच्याकडं, सहा महिने त्याच्याकडं. सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. तेवढ्यात शेकोटीपाशी भाकरी भाजत बसलेल्या आत्याबाई, ज्यांनी त्या घराला कचेरीशिवाय दुसरं नाव कधी दिलं नव्हतं, त्या तवा न उतरवताच म्हणाल्या, "पोरांचं वाटं झालं. आईबापाचा वाटा कुटं हाय?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. आईबापाला वाटा असतो. रीतच आहे ती.

"ह्यो सोपा आमचा. मोठं दार आमचं," आत्याबाई म्हणाल्या. "मधी एक भित्त नगं. दोनी बाजूला एक एक घाला, आन् आमाला मधी ऱ्हाऊ द्या. म्या काय सहा सहा महिन्यानं बिऱ्हाड हलवायला धनगर न्हाई."

पंचांनी माना डोलावल्या. हॉलमधून दोन्ही पंखांत जाणारे रुंद रस्ते बुजवायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी विटा आल्या. इमामभाई दोरी लावत होते तेव्हा मामंजी उठून त्यांच्यामागं जाऊन उभे राहिले. "अर्ध्या विटेची घाल," म्हणाले.

"सुभेदार, एक वीट तरी घ्या. अर्ध्या विटेची म्हंजे भित्त न्हवं, पडदा."

"पडदाच घाल."

मी त्या दिवशी मुक्कामालाच होते. संध्याकाळी ओल्या भिंतींचा वास येत होता आणि मामंजी हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. इतक्या वर्षांत त्या विलायती घराची धुरांडी, खिडक्या, जिने सगळं माझं पाठ झालं होतं. एक प्रश्न मात्र मी कधी विचारला नव्हता, कारण कुणाच्याच मनात तो आला नव्हता. मी विचारलं, "मामंजी, त्या घरात राहायचं कोण?"

"कुनी न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, "एक म्हातारी हुती. मालकीन. मागच्या अंगाला दोन खोल्यांत ऱ्हायाची. बाकी समदं घर लष्कराकडं. पोरं तिची लढाईत गेल्याली. तिचीच खिडकी म्या नीट केली. तिनं मला हाताला धरून अख्खं घर फिरवून दाखवलं, एक एक खोली. तिची भाषा मला कळत न्हवती आन् माझी तिला. खोली आली की पोराच्या उंचीचा हात करून दाखवायची. हितं ह्यो, हितं त्यो." त्यांनी स्वतःचा हात जमिनीपासून गुडघ्याएवढा वर धरला होता, तो तसाच राहिला. "मला वाटलं, ह्येंच्याकडं एवढं घर हाय आन् मानसं न्हाईत. आपल्याकडं मानसं लय आन् घरं न्हाईत. ह्ये घर आपल्याकडं पायजे हुतं."

आत्याबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "जेवा आता, गरम हाय तवर."

सुनांचं मी म्हटलं तसंच झालं. वेगळ्या झाल्यावर वर्षभरात त्या एकमेकींना हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या. भांडी उसनी जायला लागली. मी बरोबर ठरले, आणि बरोबर ठरल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मामंजी दिवसेंदिवस थकत गेले. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ते हॉलमध्ये, डाव्या आणि उजव्या भिंतींपासून सारख्याच अंतरावर, खुर्ची टाकून बसले होते. दिवेलागणीची वेळ होती. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी बोट वर केलं. "गप ऱ्हावा जरा."

उजवीकडच्या भिंतीपलीकडे धाकट्याची मुलगी पाढे म्हणत होती. तेराचा पाढा. तेरा पाची, तेरा सकं, आणि तेरा सातीला अडली. पुन्हा मागून आली, पुन्हा तिथंच अडली. मामंजींचे ओठ नुसते हलले. आत्याबाईंचा भाकरी थापणारा हातही थांबला होता. मग डावीकडच्या भिंतीपलीकडून थोरल्याच्या मुलाचा आवाज आला, "एक्याण्णव, येडे!" "तेरा साती एक्याण्णव," मुलगी म्हणाली, उपकार-आभार काही नाही, आणि तेरा आठीपासून दोन्ही भिंतींकडून दोघं एकदमच पाढा म्हणायला लागली.

वर्गात मी दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. मामंजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर मोठ्या दाराकडे बघत बसले होते, मान कुठल्याच बाजूला जराही वळू न देता.